कॅनव्हासवर पहिलं बटण काढण्याआधी

सोमवारी महापेला सगळे जमू, पण कोड लगेच उघडायचा नाही. काम माहीत आहेच: वाशीच्या एपीएमसीतल्या कांदा-बटाट्याची आवक आणि भाव, हजारो ओळी, वर आलेख, आणि हे सगळं गाळ्यावर बसलेल्या आडत्याच्या फोनवर न अडखळता सरकायला हवं. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून वेबअसेंब्लीत, म्हणजे ब्राउझर वेगाने चालवतो त्या बायनरी कोडमध्ये, कंपाइल करायचं आणि कॅनव्हासवर, म्हणजे पानावरच्या कोऱ्या चौकोनात, सगळं आपणच रंगवायचं ठरलंय. तेव्हा आधी कॅनव्हासवर काय जाणार नाही ते लिहून आणा. लॉगिन, सेटिंग्ज, पावतीचा फॉर्म साध्या एचटीएमएलमध्येच राहू दे. फिग्मा हे ब्राउझरमधलं डिझाइनचं साधन २०१७ मध्ये वेबअसेंब्लीवर गेलं हे खरं, पण त्यांना अख्खं चित्रफलक रंगवायचं होतं; आपल्याला एक तक्ता आणि एक आलेख.

मग अक्षरं. डेमोत इंग्रजी मजकूर झकास दिसतो आणि पोरं खूश होतात, म्हणून आपला पहिला डेमो मराठीतच हवा. कॅनव्हासच्या स्वतःच्या फिलटेक्स्ट या मजकूर लिहिण्याच्या आदेशाने लिहिलं तर जोडाक्षरं ब्राउझर जुळवून देतो. स्वतःच्या रेंडररने, म्हणजे रंगवणाऱ्या कोडने, ग्लिफ (अक्षरांची चित्रं) मांडायला घेतले की ते काम आपल्या गळ्यात. कोड पॉइंटमागून कोड पॉइंट (युनिकोडचे अक्षर-क्रमांक) ठेवणारी लायब्ररी ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या मागे नेऊन ठेवेल. हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी किंवा त्याच जातीचं काहीतरी लागणारच. त्याला भाषा ‘एमआर’ (मराठीचा कोड) आहे हेही सांगा, नाहीतर फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असूनही हिंदी वळणाचे उमटतील. चाचणीचे शब्द आत्ताच ठरवू: दर्या, दऱ्या, तऱ्हा, किल्ल्यात, हृदय, श्री. फॉन्टची फाइल सोबतच द्यावी लागेल, कारण फोनमधले फॉन्ट असल्या रेंडररच्या हाती आपोआप लागत नाहीत. ती छाटून लहान करताना जोडाक्षरांचे नियम असलेलं जीसब टेबल उडालं नाही ना, हे बघा.

टायपिंगला लपलेला टेक्स्टएरिया (एचटीएमएलची मजकुराची चौकट) ठेवायचा आणि कंपोझिशनचे, म्हणजे शब्द जुळत असतानाचे, इव्हेंट ऐकायचे. नुसत्या कीडाउनवर, म्हणजे कळ दाबल्याच्या इव्हेंटवर, विसंबाल तर रोमनमधून मराठी लिहिणारा कीबोर्ड आणि बोलून लिहिणं, दोन्हींची वाट लागेल. शोधाच्या चौकटीत ‘जुन्नर’ लिहून बघा.

टॉकबॅकला, म्हणजे अंधांना पडदा वाचून दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीला, कॅनव्हास म्हणजे रिकामा चौकोन. दिसणाऱ्या ओळींची समांतर डॉममधली (ब्राउझरला कळणाऱ्या एचटीएमएल घटकांमधली) प्रत कोण सांभाळणार, त्याचं नाव सोमवारीच ठरेल. पानातला शोध आणि मजकूर कॉपी करणं हेही फुकट मिळत नाही. भाव कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकणं हा आडत्यांचा रोजचा उद्योग असल्यामुळे कॉपीचं बटण पहिल्या आवृत्तीतच हवं.

सर्व्हरवर डॉट-वॅझम या कंपाइल केलेल्या फाइलला ‘ॲप्लिकेशन/वॅझम’ हा प्रकार लावलेला असू दे. नसेल तर उतरता उतरता कंपाइल करण्याची सोय चालत नाही. वॅझम-ऑप्टने फाइल आटोपशीर करणं आणि ब्रॉटलीने दाबून पाठवणं ही तर नेहमीची कामं. थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, हवेत का, हे मात्र आधीच ठरवा. थ्रेडना लागणाऱ्या शेअर्ड-ॲरे-बफर या सामाईक मेमरीसाठी कूप आणि कोएप हे, पान बाकीच्या साइटपासून वेगळं ठेवणारे, दोन हेडर लावावे लागतात, आणि ते लागले की बाहेरून आणलेल्या चौकटी, म्हणजे पेमेंटची वगैरे, अडू शकतात. माझं मत विचाराल तर पहिल्या आवृत्तीत थ्रेड नकोत.

वेबअसेंब्लीची मेमरी ६४ केबीच्या पानांनी वाढते आणि परत आटत नाही. ती वाढली की जावास्क्रिप्टकडचे जुने व्ह्यू (त्या मेमरीत डोकावणाऱ्या खिडक्या) निकामी होतात, तेव्हा ते साठवून ठेवायचे नाहीत, दर वेळी नव्याने घ्यायचे. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तरीही काही बदललं नसेल तर रंगवायचंच नाही, नाहीतर दुपारपर्यंत आडत्याची बॅटरी संपेल. कॅनव्हासची मापं डिव्हाइस-पिक्सेल-रेशोने (पानाच्या एका पिक्सेलमागे पडद्याचे किती पिक्सेल, त्या आकड्याने) गुणलेली नसली तर अक्षरं धुरकट दिसतील.

येताना प्रत्येकाने घरातला एखादा जुना अँड्रॉइड घेऊन या. कॅनव्हासवर जीपीयूकडून, म्हणजे फोनच्या ग्राफिक्स चिपकडून, रंगवून घेणारं वेबजीएल चालू असताना दुसरी जड ॲप्स उघडायची, थोड्या वेळाने परतायचं. वेबजीएलचा संदर्भ (कॉन्टेक्स्ट, म्हणजे जीपीयूशी असलेली जोडणी) हरवल्याचा इव्हेंट पकडून टेक्स्चर (जीपीयूत ठेवलेली चित्रं) पुन्हा चढवले नसतील तर पडदा रिकामा येईल. फोनवर तसं घडलं नाही तर लूज-कॉन्टेक्स्ट एक्स्टेन्शनने मुद्दाम घडवून बघू.