कोकणातलं जुनं कौलारू घर घेताय? छपराच्या बाबतीत या चुका टाळा

कोकणात जुनं घर बघायला गेलेला माणूस आधी कौलं बघतो. त्यात बासेल मिशनचा (मंगलोरात कौलांचे कारखाने चालवणाऱ्या मिशनरी संस्थेचा) शिक्का असलेलं मंगलोरी कौल हाती लागलं की सौदा अर्धा ठरलाच म्हणायचा. पण कौलं बदलता येतात. बघायला हवं ते त्यांच्या खालचं लाकूड, आणि त्याहूनही ते लाकूड एकमेकांना कसं धरून आहे ते.

‘कैच्या सागवानी आहेत’ यावर खूश होणं

सागवान असेलही. कैची, म्हणजे छपराचा भार पेलणारी लाकडी चौकट, उभ्या भाराला उत्तम टिकते, कारण ती त्रिकोण आहे. पण वारा घराच्या टोकाच्या त्रिकोणी भिंतीवर आदळला, तर सगळ्या कैच्या एकाच दिशेला कलू पाहतात, फळीवर आधाराविना उभ्या ठेवलेल्या पुस्तकांसारख्या. रिपा, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्ट्या, हे थांबवतील असं वाटतं, पण रीप प्रत्येक वाशाला एखाद्या खिळ्याने धरलेली असते आणि त्या खिळ्याभोवती सगळं फिरतं. कौलं तर रिपांवर नुसती अडकवलेली असतात. म्हणून दोन कैच्यांच्या मध्ये आणि वाशांच्या पोटाला तिरके आधार लागतात. जुन्या घरांत ते मुळातच नसतात, नाहीतर माळ्यावर सामान ठेवायला आड येतात म्हणून कुणीतरी काढून टाकलेले असतात.

टॉर्च घेऊन माळ्यावर चढा. कैचीच्या मधल्या उभ्या दांड्याला ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावा. एकालाच नव्हे, सगळ्यांना. सगळे दांडे एकाच बाजूला झुकलेले दिसले, तर किमतीचं बोलणं तिथेच थांबवा. लाकडात रिकामी खाच आणि तिच्यात गंजलेला खिळा दिसला, तर समजा की आधार होता आणि गेला. खाली पीओपीचं छत केलं असेल, तर एक तुकडा उघडून दाखवायला सांगा. मालक कुरकुरला तर तेही उत्तरच आहे.

तुळई कापलेली न दिसणं

डोकं लागतं म्हणून कैचीची आडवी तुळई कापून खोली उंच केलेली घरं सापडतात. तुळई गेली की वासे बाहेर फाकतात आणि भिंतीचा माथा ढकलतात. अंगणात लांब उभं राहून आढ्याची, म्हणजे छपराच्या माथ्याची, रेषा बघा: मध्ये खचली आहे का? मग भिंतीच्या वरच्या भागातली आडवी भेग शोधा. ती गिलाव्याने बुजवलेली असू शकते, पण नवा गिलावा रंगावरून कळतो.

वाशांची टोकं न टोचणं

कुजतं ते भिंतीवर टेकलेलं टोक, वळचणीजवळचं. तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. वाळवीच्या मातीच्या नळ्या आणि भुंग्याचा भुसा शोधा. ताजं काळं ऑइल फासलेलं असेल, तर त्याखाली नक्की टोचा.

कौलं काढून पत्रा टाकायची घाई

मंगलोरी कौलांचं वजन चौरस मीटरला ४० किलोच्या आसपास. पातळ लोखंडी पत्र्याचं जेमतेम ५. वजन कमी झालं हा फायदा वाटतो, पण वादळात छप्पर खाली दाबून धरणारं तेच वजन होतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत कौलं उडवली आणि पत्रेही. पत्रा टाकायचाच असेल, तर आधी वासे भिंतीला आणि कैच्या एकमेकींना बोल्टने बांधा.

दुरुस्तीचा क्रम चुकवणं

कलतं छप्पर ओढून सरळ करण्याआधी खाली टेकू द्या, तेही पक्क्या जमिनीवर, फरशीच्या पोकळीवर नव्हे. कौलं दोन्ही पाख्यांवरून (छपराच्या उतारांवरून) सारखी उतरवा; एकच बाजू मोकळी केली तर असमान भाराने कैच्या आणखी वाकड्या होतात. मग ओळंब्यात आणून तिरके आधार, टोकाला खिळे नव्हे तर बोल्ट. खाऱ्या हवेत साधं लोखंड गंजतं, गॅल्व्हनाइज्ड वापरा.

सुतार आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर दोघांनाही सौद्याआधी माळ्यावर चढवा. त्यांनी सांगितलेला खर्च कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घेऊनच बयाणा द्यायला बसा.