बागेच्या जुन्या भिंतीतले मधमाश्यांचे कोनाडे कसे ओळखायचे, कसे जपायचे

इंग्लंड-स्कॉटलंडकडे जुनं घर घेतलं असेल आणि बागेच्या भिंतीत ओळीने कोनाडे दिसत असतील तर ते बुजवायची घाई अजिबात करू नका, ते मधमाश्यांचे असू शकतात. तिकडे त्यांना ‘बी बोल’ (bee bole) म्हणतात. लाकडी पेट्या यायच्या आधी तिथले लोक माश्या पाळायचे ते काडाच्या वळ्या शिवून केलेल्या पालथ्या टोपलीत, म्हणजे स्केपमध्ये. वरून शेण-चुना लिंपायचे, तरी पावसात काड कुजायचंच, म्हणून भिंतीतच आडोसा.

ओळखायचं कसं? तोंड बहुतेक दक्षिणेला नाहीतर आग्नेयेला, म्हणजे सकाळचं ऊन आत येतं. तळ सपाट, आणि खोली स्केप आत पूर्ण बसेल एवढी, साधारण 40-45 सेंमी. काही ठिकाणी चोरी होऊ नये म्हणून आडव्या लोखंडी दांड्याची भोकंही सापडतात. वॉरिकशरच्या पॅकवुड हाउसला असे 30 कोनाडे आहेत, जमलं तर बघून या.

दुरुस्तीआधी फोटो आणि मापं घ्या, घर संरक्षित यादीत असेल तर काउन्सिलची परवानगी काढा. आयव्हीचा वेल ओढून काढू नका, विटा सुटून येतात, बुंध्याशी कापा, पूर्ण वाळू द्या आणि मग हळूहळू सोडवा. सांधे भरायला सिमेंट नकोच प्लीज, ओल आत अडकते आणि थंडीत गोठून विटांचे पापुद्रे निघतात. चुन्याचाच मॉर्टर वापरा, एकाला अडीच-तीन भाग वाळू, काम थंडी संपल्यावर करा आणि काही दिवस ओलं गोणपाट टांगून ठेवा, चुना पटकन वाळला की भुगा होतो.

आता त्यात माश्या ठेवायच्या का? माझं मत, नाही. स्केपमधली पोळी टोपलीलाच चिकटलेली असतात, पूर्वी मधासाठी बऱ्याचदा गंधकाच्या धुरात माश्याच मारायचे, आणि 1992 पासून ब्रिटनमध्ये व्हरोआ हा माश्यांवर जगणारा बारीक परजीवी माइट आलाय, त्यामुळे फ्रेम, म्हणजे पोळ्याची सुटी चौकट, उचलून तपासता आलीच पाहिजे. आजची पेटी कोनाड्यात बसली तरी झाकण उघडायला वर जागा उरत नाही. पेटी भिंतीसमोर उन्हात ठेवा, कोनाड्यात रिकामा स्केप शोभतो.

आणि नोंद नक्की करा. मधमाश्यांच्या ब्रिटिश अभ्यासक इव्हा क्रेन यांच्या पुढाकाराने 1952 मध्ये या कोनाड्यांचं रजिस्टर सुरू झालं. तुमचे त्यात नसतील तर मापं, दिशा, फोटो पाठवून द्या.