नवीन झाड रोज पाणी देऊनही का वाळतं? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच, रोज पाणी टाकतो तरी झाड का वाळलं. आता काय सांगावं.

आमचंच ऐका. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी आली ती नर्सरीतून सहा जास्वंदी घेऊनच, आणि मला तेव्हा अक्कल नव्हती म्हणून पारा ४४ वर असताना त्याच संध्याकाळी कंपाउंडला लावून टाकल्या. आई रोज दिवेलागणीला पाइप धरायची, जमीन कशी मस्त काळीभोर ओली. आठव्या दिवशी पानं लोळली. मग सगळ्यांचं एकच, पाणी वाढव. वाढवलं. शेजारचे आबा बघून गेले, "मरी गयं ना भो" म्हणाले आणि खरंच तीन गेली. एक उपटून पाहिलं तर भोवती चिखल आणि मधला लाल मातीचा गोळा विटेसारखा! फोडला तर आत फुफाटा. नर्सरीची ती चिकट लाल माती एकदा कडक सुकली की पाणी आत घेतच नाही, ते बाजूच्या भुसभुशीत भरावातून निघून जातं, आणि मुळं तर सगळी गोळ्यातच.

तेव्हापासून लावायच्या आधी पिशवीसकट रोप बादलीत बुडवतो, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पिशवी पूर्ण फाडायची (नुसती खालून चीर देऊन लावणाऱ्यांना तर हात जोडतो), गोळा कडेने बोटांनी जरा मोकळा करायचा आणि पाणी अगदी बुंध्याशी, तांब्या तांब्याने, बादलीभर जिरवायचं. पाइपने भुरभुर शिंपडून फक्त धूळ बसते.

दुसरी चूक उलटी. आपली काळी माती पाणी धरून बसते, खड्डा म्हणजे हौदच. दुपारी झाडाने मान टाकली की लोक बादली घेऊन धावतात. अहो, मुळं अजून तेवढं पाणी ओढत नाहीत, संध्याकाळी ताजं झालं तर गप बसा. सकाळी सहालाही लोळलेलं असेल तर बोट खुपसून बघा, गोळ्यात वेगळं आणि बाहेर वेगळं. गोळा कोरडा असेल तर पाणी द्या. ओला असून पानं पिवळी पडतायत, मातीला वास येतोय, तर मुळं कुजतायत, पाणी बंद करा आणि वरून ग्रीन नेटची सावली. वेळापत्रक मला विचारू नका, बोटाला विचारा.

खड्ड्यात डीएपी, युरिया असलं रासायनिक खत नको, पहिला महिनाभर तरी नाही. पिशवीत होतं त्यापेक्षा खोल गाडू नका. आळ्यात केळीची वाळलेली पानं पसरा, फुकट मिळतात, फक्त बुंध्याला चिकटवू नका. ठिबक असेल तर ड्रिपर सुरुवातीला गोळ्यावरच हवा, झाड वाढेल तसा बाहेर सरकवा, हे ठिबकसाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या जळगावात राहूनही लोक विसरतात.

बहीण यंदा आखाजीला अनंत आणते म्हणतेय. म्हटलं आण, पण मिरगाचे दोन-तीन पाऊस पडेपर्यंत तो मोरीजवळच्या सावलीत, पिशवीतच राहील.