एआयकडून उत्तर नको, चूक शोधून घ्या

गणित अडलं की फोटो काढून चॅटबॉटला पाठवायचा मोह होतो. उत्तर लगेच येतं, वाचताना सगळं पटतं, आणि परीक्षेत पहिली पायरीही सुचत नाही. दुसऱ्याची पायरी ओळखणं वेगळं, स्वतः आठवून मांडणं वेगळं.

म्हणून आधी वही घ्या. दहा मिनिटं स्वतः झटा. समजा, चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकलाय. तो किती उंच जाईल? गुरुत्वत्वरण १० धरून तुम्ही वेळ २ सेकंद काढलीत, वेगाला वेळेने गुणलंत आणि ४० मीटर लिहिलंत. आता सगळ्या पायऱ्या टाइप करून सांगा: "उत्तर सांगू नकोस. पहिली चूक कोणत्या ओळीत आहे, तेवढंच सांग." गुणाकाराची ओळ दाखवली की पुढचा विचार तुमचा: वेग २० वरून शून्यावर येतो, सरासरी १०, म्हणजे उंची २० मीटर. मग आकडे बदलून तसंच उदाहरण मागा आणि चॅट बंद करून सोडवा. नेमकी हीच पायरी गाळू नका.

फोटोच पाठवायचा असेल तर आधी प्रश्न जसाच्या तसा टाइप करून दाखवायला सांगा. वजाचं चिन्ह किंवा घातांक वाचण्यात गफलत झाली, तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

विज्ञान-इतिहासासाठी धड्याचा मजकूर द्या आणि "फक्त यावरून दहा प्रश्न, एका वेळी एकच विचार" असं बजावा. चुकलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने घ्या. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं.

चॅटबॉटसारखी ही साधनं पुढे कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधत लिहितात. त्यामुळे अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचं नावही ती ठामपणे देतात; संदर्भ स्वतः शोधून सापडला तरच वापरा. "नक्की का?" असं विचारलंत तर बरोबर उत्तरही कधी कधी फिरवतात. त्यापेक्षा आलेली किंमत मूळ समीकरणात घालून पाहा.

निबंध लिहून मागू नका. तुमचा मसुदा द्या आणि त्यातल्या मुद्द्यांवर तीन आक्षेप मागा. उत्तरं तुमच्या शब्दांत लिहा. शिक्षकांनी एआयला मनाई केली असेल, तर त्या कामापुरतं ते बंदच ठेवा.