वापरलेला ग्लायडर घेताय? आधी स्वतः जोडून बघा

ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, घ्यायचा म्हटलं की जो तो ग्लाइड रेशो सांगतो, म्हणजे एक किलोमीटर खाली येताना तो किती किलोमीटर पुढे जातो ते. ३८ आणि ४० मधला फरक शेतात उतरल्यावर काय कामाचा? तिथे अंधाराच्या आत पंख काढून ट्रेलरमध्ये जातात का, हाच प्रश्न असतो. हडपसरसारख्या ग्लायडिंग केंद्रात शिकलेल्यांच्या हे चटकन लक्षात येत नाही, कारण तिथे ग्लायडर हँगरमध्ये जोडलेलाच असतो. युरोपात खासगी ग्लायडर बहुधा ट्रेलरमध्येच राहतो.

म्हणून विक्रेत्याला सांगा, जोडून ठेवू नका. जोडणी तुम्हीच करा, तीही रोज हाताशी असतील तेवढ्याच माणसांत. क्लबातले चौघे धावून आले तर परीक्षा झालीच नाही.

धड बाहेर काढा, पहिला पंख लावा, टोकाखाली स्टँड द्या.

खरी गोम दुसऱ्या पंखात आहे. दोन्ही स्पार, म्हणजे पंखांच्या आतले मुख्य दांडे, एकमेकांत सरकतात आणि त्यांना जोडणारी मुख्य पिन अर्ध्यात अडकते. इथे मीही पुष्कळ घाम गाळलाय. हातोडीला हात लावू नका, विक्रेत्यालाही लावू देऊ नका. पिन अडते ती भोकं एका रेषेत नसल्यामुळे, आणि ती रेषेत येतात पंखाच्या टोकाकडून. टोकाशी उभ्या माणसाला सांगा: बोटभर वर, आता बोटभर खाली. सूचना एकानेच द्यायच्या, बाकीच्यांनी गप्प राहायचं. पिनेवर हलका दाब ठेवा. भोकं जुळली की ती सरकन आत जाते. पुसून, ग्रीस लावूनही ठोकल्याशिवाय जात नसेल, तर तो ग्लायडर घेऊ नका.

मग कंट्रोलचे जोड. एलएस-४ या एकआसनी ग्लायडरमध्ये एलेरॉन (विमान डाव्या-उजव्या बाजूला कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) आणि एअरब्रेक (उतरताना पंखांतून वर येणाऱ्या पट्ट्या) हाताने जोडावे लागतात, एलएस-४बी या सुधारित आवृत्तीत ते आपोआप जुळतात. चार पैसे जास्त पडले तरी मी 'बी'च घेईन. हाताच्या जोडात झाकणातून हात घालून चाचपत एका दांड्याच्या टोकाचा कप दुसऱ्याच्या टोकावरच्या बॉलवर बसवावा लागतो. बसला की जोरात ओढून बघा, मगच सेफ्टी पिन घाला. अर्धवट बसलेला जोड जमिनीवर ठीक वाटतो आणि हवेत सुटतो. त्यापायी माणसं गेली आहेत.

शेपूट बसवा. आता एकाने एलेरॉन घट्ट धरायचा, दुसऱ्याने कॉकपिटमधून स्टिक दाबायची. एअरब्रेक आणि एलिव्हेटरचंही (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची झडप) तसंच. जोड आपोआप जुळणारे असले तरी ही तपासणी टाळू नका.

सगळं सुटं करताना ट्रेलरकडे नीट बघा. आतले आधार पंखांच्या मापाचे नसतील, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वळता करून घ्या.