केर्ली की कागल? दुकानांना माल पाठवताना भाडं कसं वाचवावं

आमची कांदा-लसूण चटणी कोल्हापूर जिल्ह्यात दोन ठिकाणी तयार होते, केर्लीला आणि कागलला. दुकानं तीन: लक्ष्मीपुरी, इचलकरंजी आणि गडहिंग्लज. कुठला माल कुठल्या दुकानात जाणार, हे मी ठरवते. सगळ्यांत स्वस्त भाड्याची वाट आधी भरायची, ही रीत पुष्कळ ठिकाणी चालते आणि तिच्यातच पैसा जातो.

आधी दर मांडा. एका बॉक्सचं भाडं आणि दोन्हीकडची हमाली धरून. एकीकडे माल तयार करायलाच जास्त खर्च येत असेल, तर तो फरकही त्यातच मिळवा. समजायला सोपे आकडे घेते:

केर्लीहून: लक्ष्मीपुरी 8 रुपये, इचलकरंजी 16, गडहिंग्लज 26
कागलहून: लक्ष्मीपुरी 10, इचलकरंजी 12, गडहिंग्लज 15

दोन्हीकडे 60-60 बॉक्स तयार आहेत. लक्ष्मीपुरीला 50 हवेत, इचलकरंजीला 40, गडहिंग्लजला 30.

स्वस्त वाट आधी धरली, तर केर्लीचे 50 लक्ष्मीपुरीला आणि कागलचे 40 इचलकरंजीला जातात. कागलला उरतात 20, म्हणून गडहिंग्लजचे शेवटचे 10 बॉक्स 26 रुपयांनी केर्लीहून न्यावे लागतात. एकूण 1440 रुपये.

आता दर बाजूला ठेवून दरांतला फरक बघा. लक्ष्मीपुरीला फरक 2 रुपयांचा, इचलकरंजीला 4, गडहिंग्लजला 11. चुकीच्या ठिकाणाहून माल गेला तर सगळ्यांत जास्त फटका गडहिंग्लजला, म्हणून त्याचा नंबर पहिला. कागलचे 30 तिकडे, उरलेले 30 इचलकरंजीला. केर्लीचे 50 लक्ष्मीपुरीला, 10 इचलकरंजीला. खर्च 1370. माल तोच, दुकानं तीच, एका फेरीत 70 रुपये वाचले. माल निघायची ठिकाणं दोनच असतील, तर यापेक्षा कमी खर्चाची वाटणी निघत नाही.

ठिकाणं तीन-चार झाली की मात्र एक्सेलमधलं सॉल्व्हर, म्हणजे दिलेल्या अटींत बसणारं सगळ्यांत चांगलं उत्तर शोधणारी सोय, वापरा. एकूण खर्च कमीत कमी करायला सांगा. अटी दोन: कुठूनही तयार मालापेक्षा जास्त जाऊ नये आणि प्रत्येक दुकानाची मागणी पुरी व्हावी. सॉल्व्हरच्या यादीतली सिम्प्लेक्स एलपी (Simplex LP) ही पद्धत निवडा, आकडे उणे होऊ देऊ नका.

पावसाळ्यात दरांचा तक्ता बदला. 2019 आणि 2021 च्या महापुरात कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता केर्लीजवळ बंद पडला होता. अशा वेळी केर्लीच्या ओळीत दर 1000 लिहायचा, म्हणजे दुसरी वाट असेपर्यंत सॉल्व्हर तिकडून माल काढत नाही. मागणीपेक्षा माल जास्त असेल तर जास्तीचा जिथल्या तिथे राहू द्या.

एक गोष्ट मात्र नीट तपासा. हा हिशेब दर बॉक्समागे भाडं देणाऱ्यांचा आहे. अख्खा छोटा हत्ती ठरवत असाल, तर 10 बॉक्स असोत की 50, भाडं तेवढंच. मग इचलकरंजीच्या त्या 10 बॉक्ससाठी केर्लीहून वेगळी गाडी काढणं परवडत नाही. तिथे आधी फेऱ्या मोजा, बॉक्स नंतर.