एरियल ओढून उपयोग नव्हता

ठाण्यात आमच्या घरी आईच्या रेडिओवर अस्मिता वाहिनी, ५५८ किलोहर्ट्झ, नुसती खरखरायची. आई एरियल ओढून ओढून वैतागली. पण ते एरियल एफएमसाठी. १०० मेगाहर्ट्झच्या आखूड लहरीला पाऊण मीटर पुरतं. अस्मिता मीडियम वेव्हवर, आणि तिची लहर ५०० मीटरहून लांब. ती पकडतो रेडिओच्या आतला फेराइटचा, म्हणजे तार गुंडाळलेला लोहयुक्त दांडा, आणि त्याला दिशा लागते: केंद्राच्या दिशेला तो आडवा हवा. प्रक्षेपण केंद्र मालाडला, म्हणजे आमच्या पश्चिमेला. दांडा उत्तर-दक्षिण येईल असा रेडिओ फिरवला, आवाज एकदम मोकळा झाला. लोखंडी कपाटावरून उचलून खिडकीत ठेवला, आणखी फरक पडला. उरलेली घरघर एलईडी ट्यूबची निघाली. (स्वस्तातल्या ट्यूबांचा हा जुनाच उपद्व्याप.) संध्याकाळी ट्यूब बंद करायला आई तयार नाही, म्हणून शेवटी रेडिओच गॅलरीत हलवला.